"इंजिन गेलं" हे कशावरून?

मंडळी, आज पीक बाजूला ठेवून गाडीवर लिहितोय. कांदा असो, टोमॅटो असो, दूध असो, माल बाजारात नेणारी पिकअप किंवा छोटा ट्रक हे आपल्या शेतीचंच अवजार आहे. ऐन तोडणीत ते बंद पडलं की भाड्याची गाडी शोधा, मजूर थांबवून ठेवा, क्रेट झाडाखाली रचून ठेवा. नेमक्या त्या घाईत गॅरेजमधून निरोप येतो, "इंजिन गेलं, दुसरं टाका." आणि आपण मान हलवतो.

माझं मत सरळ आहे. "इंजिन गेलं" हे तपासणी संपल्यावर म्हणायचं वाक्य आहे. पुरावा बघितल्याशिवाय ते मान्य करू नका. आणि जुनं इंजिन कशानं मेलं हे कळल्याशिवाय दुसरं बसवू नका.

पान पिवळं दिसलं म्हणून शहाणा सल्लागार लगेच युरिया टाकायला सांगत नाही. झाड उपटून मुळी बघतो, वाफसा बघतो, मग बोलतो. इंजिनलाही हाच न्याय लावा. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर.

१) इंजिन अचानक बंद पडलं असेल तर सेल्फ मारत बसू नका. आधी ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पातळी वाढलीय, ऑइल पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय, तर नोझल किंवा पंपाकडून डिझेल खाली उतरतंय. पट्टी कोरडी असेल तर बेअरिंगची काळजी करा.

२) इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. पाणी किती आहे, वर तेलाचा तवंग आहे का बघा. गाडी चालू होत असेल तर सुरू केल्या केल्या पाण्यात सतत बुडबुडे येतात का, होज लगेच दगडासारखा कडक होतो का, ते तपासा. तसं असेल तर संशय हेड गॅस्केटवर किंवा तडा गेलेल्या हेडवर. खालचं इंजिन चांगलं असू शकतं.

३) "सीज झालं" म्हणत असतील तर गाडी न्यूट्रल करा आणि क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेनं, हातानं फिरवा. फिरत नसेल तर बेल्ट काढून परत बघा. आमच्या शिवारातल्या एका गाडीचा असाच निकाल लागला होता. बेल्ट काढला तर क्रँक मोकळा फिरला, जाम झाला होता तो अल्टरनेटर. बेल्ट काढूनही अडत असेल आणि गाडी पुराच्या पाण्यातून गेली असेल, तर नोझल काढून परत फिरवा. सिलिंडरमध्ये पाणी भरलं तरी इंजिन सीज झाल्यासारखंच अडतं. मध्येच टणक अडलं तर जोर लावू नका, टायमिंग तपासा.

४) फिरतंय पण चालू होत नाही, तर बॅटरी, डिझेल फिल्टरमधलं पाणी, लाइनमधली हवा आणि एअर फिल्टर. निम्म्या "गेलेल्या" इंजिनांची चौकशी इथंच थांबायला हवी.

५) चालू होतंय पण ताकद नाही, धूर आहे, तर ऑइल भरायचं टोपण काढून तोंडावर उलटं ठेवा. धुराच्या भपक्यानं ते उडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंग, पिस्टन किंवा लायनरकडे बोट. त्यानंतर डिझेलचा कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. पेट्रोलचा गेज इथं चालत नाही. बहुतेक चांगल्या डिझेल इंजिनात ३५० ते ४५० पीएसआयच्या आसपास दाब मिळतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. एकच सिलिंडर खाली असेल तर कामही तेवढ्यापुरतंच असू शकतं.

६) ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. पितळी, तांबूस चमक दिसली तर बेअरिंग झिजलंय. चुंबकाला कण चिकटले तर क्रँक, रिंग किंवा कॅम. हा पुरावा कुणी नाकारू शकत नाही.

एक धोक्याची सूचना. जुन्या पंपाच्या गाड्यांत चालू इंजिनवर नोझलचा नट ढिला करून कोणता सिलिंडर मारत नाही ते शोधायची पद्धत आहे. कॉमन रेल गाडीवर हे कधीही करू नका. तिथं डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. सुईच्या टोकाएवढी धार कातडीतून आत घुसते आणि हात गमवायची वेळ येते. अशी गाडी, त्यातही २०२० नंतरची बीएस-६, स्कॅनर लावूनच तपासा. वॉरंटी शिल्लक असेल तर घरी पाना लावू नका.

आता मुख्य मुद्दा. इंजिन खरंच गेलंय असं ठरलं, तरी कशानं गेलं?

आपल्याकडं दिसणारं पहिलं कारण म्हणजे पाणी. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार बसतात म्हणून आपण ॲसिड ट्रीटमेंट करतो, आणि तेच बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओततो. तेच क्षार इंजिनच्या पाण्याच्या वाटांवर थर धरतात, उष्णता बाहेर पडत नाही, हेड वाकतं, पिस्टन चिकटतो. त्यात कुणी "गाडी तापते ना, मग थर्मोस्टॅट वॉलच काढून टाका" असं सांगतं. मग इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल अर्धवट जळतं, झीज वाढते आणि तापायचं मूळ कारण तसंच राहतं. कंपनीनं सांगितलेलं कूलंट आणि गाळलेलं क्षारमुक्त पाणी, एवढाच उपाय. आणि हो, ठिबकचं ॲसिड इंजिनमध्ये अजिबात नको.

दुसरं कारण धूळ. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये स्वच्छ बोट फिरवा. बोटाला माती लागली तर फिल्टर फाटलाय किंवा पाइप चिरलाय. तोच पाइप नव्या इंजिनला जोडला तर नव्या रिंगांचीही तीच गत होणार.

तिसरं, जुन्या इंजिनचे नातेवाईक. गळणारी नोझल पिस्टनला भोक पाडते. ती न तपासता नव्या इंजिनवर चढवली तर काय होईल ते सांगायला नको. बेअरिंग गेलं असेल तर ऑइल कूलरमध्ये धातूचा चुरा बसलेला असतो, तो कूलर बदला. टर्बो फुटला असेल तर इंटरकूलर आणि पाइपमधलं ऑइल पूर्ण धुऊन काढा. नाहीतर नवं इंजिन तेच ऑइल ओढून जाळतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

मग हे काम घरी करावं का? तपासणी घरी करा, बोअर, क्रँक आणि हेडचं काम लेथवाल्याकडं द्या. इंजिन काढणं-बसवणं घरी करायचं असेल तर चार गोष्टी हव्यात: पक्की फरशी, भरवशाची चेन कप्पी, आधी हे काम केलेला एक माणूस आणि टॉर्क पाना. चार सिलिंडरचं इंजिन दोनशे-अडीचशे किलोच्या घरात जातं. आंब्याच्या फांदीला किंवा शेडच्या पाइपला ते लटकवू नका. लटकलेल्या इंजिनखाली कुणीही हात घालायचा नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, प्रत्येक वायर-पाइपचा फोटो घ्या, नट-बोल्ट बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांत नावं लिहून ठेवा. गिअरबॉक्सला खालून टेकू द्या. इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट आणि मागचं ऑइल सील बघून घ्या, नंतर त्याच कामासाठी परत सगळं उतरवावं लागतं. पहिल्यांदा चालू करताना डिझेल बंद ठेवून, थांबून थांबून सेल्फ मारा. ऑइलचा दिवा विझला की मगच डिझेल सोडा. काढलेलं ऑइल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका.

वापरलेलं इंजिन घेताना भावापेक्षा कागद महत्त्वाचा. बिल, त्यावर इंजिन नंबर आणि ते कोणत्या गाडीचं होतं याचा पुरावा घ्या. नंबर खरवडलेला असेल तर फुकट मिळालं तरी नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्याआधी आरटीओची मंजुरी घ्या. मंजुरीशिवाय बदललं गेलं असेल तर १४ दिवसांत कळवावं लागतं. आरसीवर नवा नंबर चढला नाही तर फिटनेसला आणि विम्याच्या क्लेमला अडचण येते. हे काम गाडी रस्त्यावर आली की विसरलं जातं, म्हणून यादीत वर लिहा.

यात मेकॅनिकवर राग नाही. चांगला मेकॅनिक स्वतःच फिल्टर कापून दाखवतो, आकडे लिहून देतो. पुढच्या वेळी "इंजिन गेलं" असं ऐकलं की तीनच प्रश्न विचारा: कॉम्प्रेशन किती आलं? फिल्टरमध्ये काय निघालं? मूळ कारण काय? तिन्हींची उत्तरं मिळाली तर खुशाल इंजिन बदला. नाही मिळाली तर भाड्याची गाडी लावून दोन दिवस माल हलवा, पण ॲडव्हान्स देऊ नका.