ट्राम, हलकी रेल्वे आणि रस्त्याची वाटणी

दादर टी. टी. येथे रोज बसची वाट पाहणाऱ्या किती विद्यार्थ्यांना त्या दोन अक्षरांचा अर्थ ठाऊक असेल? ‘ट्राम टर्मिनस’ ही त्या स्थानाची मूळ ओळख. ९ मे १८७४ रोजी घोडे जुंपून सुरू झालेली आणि ७ मे १९०७ पासून विजेवर धावू लागलेली मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही अखेरची फेरी करून थांबली. रूळ गेले, नाव तेवढे उरले.

ट्राम मोटारींना अडथळा करते, ही तिच्यावरील मुख्य तक्रार. वस्तुतः अडथळा परस्परांचा होता. रुळावरील गाडीला बाजूला सरता येत नाही. पुढे एखादी हातगाडी वा मोटार थांबली की मागच्या साऱ्या ट्राम खोळंबणार. रस्ता सामाईक ठेवला आणि दोष ट्रामच्या माथी मारला.

आज जिला ‘लाइट रेल’ म्हणतात, तिचे रूळ, वीजतार आणि मोटर ही सामग्री ट्रामचीच. भेद आहे तो मार्गाच्या हक्काचा. हलक्या रेल्वेला बव्हंशी राखीव पट्टा असतो, थांबे दूर असतात, डबे एकमेकांस जोडता येतात आणि अनेक ठिकाणी चौकातील सिग्नल तिला आधी वाट देतो. फ्रान्समधील नाँत शहराने १९५८ मध्ये मोडीत काढलेली ट्राम १९८५ मध्ये या नव्या रूपात परत आणली. उलट कोलकात्यात ट्रामचे राखीव पट्टे अनेक ठिकाणी रस्त्यात मिळवून टाकले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये एक वारसामार्ग वगळून ती बंद करण्याचा मनोदय राज्य सरकारने जाहीर केला.

मुंबईने रस्त्याच्या वाटणीचा प्रश्न नेहमी टाळला. वर मोनोरेल बांधली. आगळे तंत्र आणि सुट्या भागांची टंचाई यांनी ती ग्रासली आणि २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणेसाठी थांबवावी लागली. खाली ३७ हजार कोटींहून अधिक खर्चाची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. गिरगावकरांना तिचा लाभ आहेच. परंतु लालबागहून परळला जाणाऱ्या कारकुनाचा आधार बसच. त्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झाले, आणि बस मात्र मोटारींच्या रांगेतच अडकलेली.

तेव्हा उद्याच आंबेडकर मार्गावर रूळ टाका, असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. हिंदमाता येथे पावसाळ्यात साचणारे पाणी आणि उड्डाणपुलांचे खांब हे अडसर खरे आहेत. काळबादेवीच्या गल्ल्यांत तर जागाच नाही. परंतु राखीव पट्ट्याची परीक्षा रुळांविना घेता येते. परळ-दादर मार्गावर गर्दीच्या वेळी एक पट्टा केवळ बसला द्यावा. खर्च रंगाचा आणि पोलिसांचा.

अर्थशास्त्रात दुर्मीळ वस्तू फुकट वाटली की ती बळकट हाती जाते, असे आम्ही शिकवतो. मुंबईत रस्त्याइतके दुर्मीळ दुसरे काय आहे? चाळीस उतारूंची बस आणि एका माणसाची मोटार यांत जागा कोणाची, हे १९६४ मध्ये ठरवले नाही. ते आता ठरवल्यावाचून कोणतेही नवे वाहन आपणांस तारणार नाही.