शाळा कोणत्या गांवची?

शाळा गांवाशीं एकजीव व्हावी, हें मत आम्हांस मान्यच आहे. १९३७ सालीं वर्ध्यास गांधीजींनीं उद्योगाच्या द्वारें शिक्षणाचा विचार मांडिला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश पालक घेतले. परंतु या तत्त्वाचे कैवारी दिवाळीनंतर बीड जिल्ह्यांतील तेलगांवच्या बाजूस फिरकतील काय? तेलगांवास साखर कारखाना आहे. तरीहि या जिल्ह्यांतून दरसाल लाखों माणसें मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडण्यास परमुलखीं जातात. गांव फडावर, समितीहि फडावर. आणि शाळा मात्र रिकाम्या घरांशीं एकजीव होत बसते! वर ‘पालक उदासीन’ हा शेरा आहेच. मुकादमाच्या हिशेबीं नवराबायको मिळून ‘एक कोयता’ होतो. दोघांचें एक करणारें हें गणित ज्या मुलांच्या कोपींतच चालतें, त्यांस उचल किती, टनाचा दर काय, फिटलें किती, हें मांडावयास शिकवावें. मुकादमास तें रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. साखरशाळांचा प्रयोग महाराष्ट्रानें केलेला आहे, पण अर्ध्या मनानें. समितीची एक सभा यंदां उसाच्या फडावर भरवा. कोण उदासीन, तें तेथेंच ठरूं द्या.