थंड हवेचं खूळ

परवा शुक्रवारी संध्याकाळी टीममधला एक मित्र माझ्या डेस्कपाशी आला, मोबाईल नाकासमोर धरला आणि म्हणाला, "हे बघ, बुक करतोय. अठरा हजार. दहा बीएचपी वाढते म्हणतो." स्क्रीनवर शंकूच्या आकाराचा लालभडक फिल्टर आणि त्याला जोडलेली चकचकीत ॲल्युमिनियमची नळी. कोल्ड एअर इनटेक! पठ्ठ्याने आठ महिन्यांपूर्वी एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी घेतलीय, हप्ते अजून चार वर्षं चालू राहणार आहेत, आणि ह्याला इंजिनात थंड हवा भरायचीय. पुढच्या महिन्यात आम्ही पाचजण माझ्या घरी कोयनानगरला जाणार आहोत, तिथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. "घाटात फरक कळेल ना रे!" असं त्याचं म्हणणं.

मी त्याला वीस मिनिटं समजावलं. पटलं नाही. म्हणून हा शनिवार ह्या विषयाला वाहिलाय. आणि आधीच कबूल करतो, मी काही सोवळा नाही. हा उद्योग मीही करून बसलोय. त्याचं बिल किती आलं तेही सांगतो, पण आधी थोडं गणित.

इंजिनाला जळायला हवा लागते. गार हवा जास्त घन असते, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन, म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. इथवर सगळं खरं आहे. बिनटर्बोच्या जुन्या गाडीत, जिथे फिल्टरची डबी गरम इंजिनाशेजारची हवा ओढते, तिथे बाहेरची गार हवा आणून दिली तर थोडाफार फायदा होतोही. गोची अशी की हे सगळं ज्ञान टर्बो गाडीला जसंच्या तसं चिकटवलं जातं. आपल्याकडे २०१३ साली इकोस्पोर्टमध्ये एक लिटरचं इकोबूस्ट आलं, पोलो जीटीमध्ये १.२ टीएसआय आलं, आणि तेव्हापासून छोट्या टर्बो गाड्या वाढतच गेल्या. मॉडिफिकेशनची अक्कल मात्र त्याआधीच्या काळातलीच राहिली.

टर्बो गाडीत फिल्टरमधून आलेली हवा सरळ इंजिनात जात नाही. आधी टर्बोचा पंखा तिला दाबतो. दाबलं की हवा तापते (सायकलचा पंप मारताना हात लावून बघा). मग ती इंटरकूलरमधून जाते, तिथे बाहेरच्या वाऱ्याने थंड होते, आणि मग आत शिरते. आता आकडे घालू. बाहेर ३० अंश आहे, टर्बो हवेचा दाब दुप्पट करतोय आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरा. तिथून बाहेर पडणारी हवा साधारण १२५ अंशांची असते. इंटरकूलर ७५ टक्के परिणामकारक धरला तर इंजिनात शिरताना तीच हवा ५४ अंशांच्या आसपास येते. बरं, आता समजा कंपनीची डबी हवा ५ अंश गरम घेत होती आणि तुमच्या अठरा हजारांच्या नळीने ते ५ अंश पूर्ण वाचवले. इंजिनाच्या तोंडाशी त्यातले किती उरले? दीड अंश! कारण मधे इंटरकूलर बसलाय आणि त्याचं कामच तुमचा-माझा फरक पुसून टाकणं आहे. दीड अंशाने हवेची घनता वाढते अर्धा टक्का. ११० बीएचपीच्या गाडीत अर्धा टक्का म्हणजे अर्धा घोडा. तोही शेपटीकडचा.

आणि कंपनीची डबी मुळात गरम हवा घेते तरी कुठे? बॉनेट उघडा आणि बघा. बहुतेक आजच्या गाड्यांत डबीचं नाक पुढच्या जाळीमागे, वर, बाहेरच्या वाऱ्यात काढलेलं असतं. म्हणजे कोल्ड एअर इनटेक तुमच्याकडे आधीच आहे, काळ्या प्लॅस्टिकचा आहे एवढाच त्याचा गुन्हा. उलट बाजारात 'कोल्ड एअर' म्हणून जे स्वस्तातले शंकू मिळतात ते बॉनेटच्या आतच उघडे बसवतात. कुंभार्लीत एखाद्या उसाच्या ट्रॉलीमागे किंवा चढाला रांगणाऱ्या ट्रकमागे पहिल्या गिअरमध्ये अडकलात, की तो शंकू इंजिनाचीच वाफाळलेली हवा पिणार. नाव थंड, काम गरम.

"पण हवा मोकळी तर वाहते ना?" हा पुढचा मुद्दा. वाहते. स्वच्छ कागदी फिल्टर पूर्ण जोरावर साधारण दोन-तीन किलोपास्कल दाब खातो, वातावरणाचा दाब शंभर किलोपास्कल. पण टर्बो गाडीत शेवटी दाब किती भरायचा ते फिल्टर ठरवत नाही, ईसीयू ठरवतो. टर्बिनकडे जाणाऱ्या धुराला एक पळवाट ठेवलेली असते, वेस्टगेट. धरणाला सांडवा असतो ना, तसंच. दाब हवा तेवढा झाला की वेस्टगेट उघडतो आणि जास्तीचा धूर टर्बिनला वळसा घालून निघून जातो. फिल्टरने थोडं अडवलं तर ईसीयू वेस्टगेट थोडा कमी उघडतो. फिल्टर मोकळा केला तर थोडा जास्त उघडतो. इंजिनापर्यंत पोचणारा दाब तोच. म्हणजे तुम्ही अठरा हजार भरून सांडव्यातून जरा जास्त पाणी सोडलंत!

ह्याच कारणाने टर्बो गाड्या घाटमाथ्यावर खूष असतात. कोयना धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ६५९ मीटर. ह्या उंचीवर हवेचा दाब जवळजवळ ७ टक्के कमी. बिनटर्बोची गाडी चिपळूणहून घाट चढून वर आली की तेवढी ताकद गमावते. टर्बो वेस्टगेट आवळतो आणि कमतरता भरून काढतो. जो यंत्रभाग ७ टक्क्यांचा खड्डा न कुरकुरता भरतो, त्याच्यासमोर दोन टक्क्यांची मोकळीक घेऊन तुम्ही काय मिरवणार?

आता मी सॉफ्टवेअरवाला. आकडेमोड पुरे, टेस्ट दाखवा, असं कोणी म्हणेल. केली होती. दोन वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या सेकंडहँड टर्बो गाडीत मी इनटेक बसवला. तेव्हा एक ओबीडी डाँगल लावून बसवण्याआधी दहा वेळा आणि बसवल्यावर दहा वेळा, पहाटेच्या मोकळ्या सरळ रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ७० ला किती वेळ लागतो ते मोजलं. तोच रस्ता, तेवढंच पेट्रोल, मी एकटा. दोन्ही सरासरींतला फरक हा एकाच इनटेकच्या दहा वेळांमधल्या आपापसातल्या फरकापेक्षा कमी निघाला. ऑफिसात असा रिझल्ट घेऊन कोणी 'परफॉर्मन्स सुधारला' म्हणाला असता तर आपण त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढला असता. पण गाडीच्या बाबतीत आपण इंजिनिअरिंगची डिग्री घरी ठेवून बुडाखालच्या सीटला विचारतो, "काय गं, जोर वाढला का?" अठरा हजार गेलेले असतात, सीट हो म्हणते.

मलाही ती हो म्हणाली. लॉग समोर असूनही मी इनटेक काढला नाही, कारण आवाज! ॲक्सिलरेटर सोडला की 'फुस्स'. बोगद्यात काच खाली करून ऐकायचो. त्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबांना कौतुकाने बॉनेट उघडून दाखवलं. बाबा कोयना प्रकल्पातून निवृत्त झालेत, आयुष्य यंत्रांजवळ गेलं. त्यांनी शंकू बघितला, कापडाच्या घड्या बोटाने चाचपल्या आणि विचारलं, "आम्ही बोगद्याच्या तोंडाला जाळी का लावतो रे? पाणी कमी यावं म्हणून?"

मी गप्प. जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणाकडे नेऊन जवळजवळ दोन हजार मेगावॉट वीज करणारा प्रकल्प, आणि त्याच्याही टर्बिनला आधी ओंडक्यादगडांपासून वाचवावं लागतं. माझ्या गाडीच्या टर्बोचा पंखा पाच रुपयांच्या नाण्याहून फार मोठा नाही आणि तो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. त्या वेगाला धुळीचा बारीक कण म्हणजे दगडच. फिल्टरचं पहिलं काम धूळ अडवणं हे आहे, हवा सोडणं दुसरं. 'जास्त मोकळा' म्हणजे बऱ्याचदा 'कमी गाळणारा' असतो. काही कापडी फिल्टरांना तेल लावावं लागतं. तेल कमी पडलं की धूळ आत, जास्त झालं की हवा मोजणाऱ्या सेन्सरवर तेलाचा थर. आणि आपले रस्ते काही स्वित्झर्लंडचे नव्हेत, उन्हाळ्यात पाटणपर्यंत जाऊन गाडीवर बोट फिरवा.

आता बिलाची गोष्ट. माझा इनटेक 'खरा' कोल्ड एअरवाला होता, म्हणजे नळी खाली उतरवून फिल्टर बंपरच्या आत, चाकाच्या पुढे. तिथे हवा खरोखर गार असते. पाणीही तिथेच असतं! कोयनानगरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याच्या कितीतरी पट. जुलै महिना, कराडहून आईची डोळ्यांची तपासणी करून परत येत होतो. पाटण सोडल्यावर एका मोरीवरून पाणी वाहत होतं, फूटभर असेल. पुढची जीप आरामात गेली, मीही घातली. मध्यावर इंजिन बंद. आणि मी शहाणा, परत स्टार्टर मारला.

पाणी दाबलं जात नाही, हे आठवीतलं विज्ञान. एक लिटरच्या तीन सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३३३ सीसी. कॉम्प्रेशन रेशो साडेदहा धरला तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा साधारण ३५ सीसी. अर्धा कटिंग चहा! एवढं पाणी आत गेलं की पिस्टनला जायला जागा नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. माझा वाकला. आई दीड तास पावसात, डोळ्यांत औषध घातलेलं, मिटल्या डोळ्यांनी मागच्या सीटवर बसून. शेवटी एका वडापवाल्याने तिला घरी पोचवलं आणि पैसे घेतले नाहीत. बिल एक लाख चाळीस हजार. विम्यात इंजिनाच्या संरक्षणाची वेगळी जोड मी घेतली नव्हती, त्यामुळे सगळं खिशातून. आई त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेली नाही. तेच जास्त लागतं.

कोणी म्हणेल, पाण्यात घातलीस ही तुझी चूक. शंभर टक्के. पण कंपनीचं नाक बंपरच्या वर होतं, त्याने ती चूक पोटात घातली असती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा कुठलंच नाक उपयोगी पडलं नसतं, ते वेगळं. पण आपल्याकडचा पावसाळा हा मोऱ्यांवरच्या फूटभर पाण्याचाच असतो, आणि तिथे नाकाची उंचीच गाडी वाचवते.

मग इनटेक कधीच घेऊ नये का? घ्यावा. टर्बो मोठा बसवलात, रीमॅप करून ताकद बरीच वाढवलीत आणि लॉगमध्ये दिसलं की कंपनीची डबी आता खरंच गळा आवळतेय, तर जरूर घ्या. मग तो बंद डबीचा असू दे, उघडा शंकू नको. हवा घ्यायचं तोंड कंपनीच्या तोंडाइतकंच उंच असू दे. शक्यतो तेल न लागणारा, कोरडा फिल्टर बघा आणि विकणाऱ्याला विचारा, आयएसओ ५०११ प्रमाणे टेस्ट केलाय का, किती टक्के धूळ अडवतो? हे न सांगता तो नुसता 'दहा बीएचपी' म्हणाला तर नमस्कार करून निघा. नळीत सेन्सर बसत असेल तर तिथला व्यास मुळाइतकाच हवा, नाहीतर ईसीयू हवा चुकीची मोजेल. आणि वॉरंटीचं काय, हे सर्व्हिस सेंटरकडून लिहून घ्या, तोंडी नको. आवाजासाठी घेत असाल तर तसं सरळ म्हणा, हौसेला मोल नाही. फक्त तिला इंजिनिअरिंग म्हणू नका.

मित्राला मी आज सकाळी फोन करून सांगितलं, त्या अठरा हजारांतले काहीशे रुपये नव्या कागदी फिल्टरला घाल. ब्रेक ऑइल आणि पॅड बदल, कुंभार्ली चढताना नाही, उतरताना परीक्षा घेतो. उरलेल्यात चांगल्या टायरची सोय बघ. आणि घाटात खरंच फरक हवा असेल तर पाचजणांतल्या एकाला एसटीने पाठव, सत्तर किलो कमी झाले की कुठल्याही शंकूपेक्षा जास्त जोर वाढेल.

तो म्हणाला, "मग तूच ये एसटीने." ठरलं. पण ऑर्डर त्याने अजून रद्द केलेली नाही. सोमवारी परत डेस्कपाशी जातो.