माळ्यावरची घड्याळे

ठाकूरद्वारापासून फणसवाडीपर्यंत पायी चालणाऱ्यास हल्ली एक दृश्य वारंवार दिसते. पुनर्विकासासाठी रिकाम्या होणाऱ्या चाळीपुढे टेंपो उभा असतो. त्यात गाद्या, ट्रंका आणि देव्हारा चढतो, आणि नव्या घरात जागा नाही म्हणून उरलेले सामान भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. या उरलेल्या सामानात लंबकाचे घड्याळ हटकून असते. चावी हरवलेली, काच तडकलेली, ठोके केव्हाच बंद पडलेले. भंगारवाला पितळ निराळे तोलतो, लाकडाला मोल नाही म्हणून सांगतो, आणि तीन पिढ्यांच्या मुंजी-लग्नांना वेळेची साक्ष देणाऱ्या त्या यंत्राचा सौदा पाच मिनिटांत उरकतो. विकणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. जेथे माणसांना पाय पसरावयास जागा नव्हती, तेथे घड्याळाचे कौतुक कोणी करावे? परंतु आपण काय विकले हे त्यास बहुधा ठाऊक नसते, आणि खंत वाटावी अशी गोष्ट ती आहे.

याच्या अगदी उलट भ्रमात वावरणारा दुसराही एक वर्ग आहे. जिनिव्हा आणि न्यूयॉर्क येथील लिलावांच्या वार्ता त्याने वाचलेल्या असतात. हेन्री ग्रेव्ह्ज या अमेरिकन धनिकासाठी पाटेक फिलिप कंपनीने घडवून १९३३ मध्ये त्याच्या हवाली केलेले खिशातले घड्याळ २०१४ साली जिनिव्हात सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरना गेले, हे वाचल्यापासून आजोबांच्या घड्याळाकडे तो लॉटरीच्या तिकिटाप्रमाणे पाहू लागतो. त्याचीही निराशाच व्हावयाची. युंगहान्स वा सेकोशाची भिंतीवरची घड्याळे कारखान्यांतून मोठ्या संख्येने निघाली आणि घरोघर टांगली गेली. केवळ जुनेपणाला बाजारात किंमत असती तर मटण स्ट्रीटवरचा प्रत्येक दुकानदार कुबेर झाला असता.

मग किंमत येते कशाला? कारागिरी आणि दुर्मिळता यांना ती येते, हे उघडच आहे. परंतु ज्याविषयी आपल्याकडे पूर्ण अनास्था आहे अशी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे पुरावा. घड्याळ कोणाचे, कोणी कोणास दिले, त्याचे कोणते भाग मूळचे आणि कोणते मागाहून बसविलेले, याचा विश्वसनीय पुरावा. पॉल न्यूमन या नटाचे रोलेक्स घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले. ते सोन्याचे नव्हते, साध्या पोलादाचे होते. परंतु मोटारींच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या नवऱ्याला, जपून चालव, असे बजावणारे पत्नीचे शब्द त्याच्या पाठीवर कोरलेले होते. ते कोणी घासून गुळगुळीत केले असते तर?

आपल्या अधिक जवळचे उदाहरण महात्माजींचे आहे. गामदेवीचे मणिभवन ठाकूरद्वारापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या घरी वर्षानुवर्षे मुक्काम करणाऱ्या गांधीजींचे झेनिथ बनावटीचे चांदीचे घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताटली यांचा मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला. अंदाज वीस-तीस हजार डॉलरांचा होता, बोली १८ लाखांवर गेली. दिल्ली उच्च न्यायालयाची मनाई होती, भारत सरकारचा विरोध होता. तरी हातोडा पडलाच. झेनिथची तशी चांदीची घड्याळे इतरही पुष्कळांच्या खिशांत होती. बापूंनी हे घड्याळ आभा गांधींना दिले होते, ही माहिती त्याबरोबर चालत आली म्हणून ते निराळे ठरले.

आणि आपण काय करतो? जुने घड्याळ दुरुस्तीस नेले की पहिली विनंती असते, जरा नव्यासारखे करून द्या! तबकडी नव्याने रंगविली जाते, कवच पॉलिशने झिजविले जाते, आणि कोरीव नावासह घड्याळाची साक्षही पुसली जाते. या उद्योगाची कीर्ती परदेशी पोहोचली आहे. एकाचे यंत्र, दुसऱ्याचे कवच आणि वर भडक रंगविलेली तबकडी अशा जोडघड्याळांना तिकडचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराच्या नावाचा हा उपयोग आम्हांस झोंबतो. तथापि बंद घड्याळ स्वस्तात चालते करून देणाऱ्या कारागिराच्या हातांत जे कसब आहे त्याची आम्ही निंदा करणार नाही. निंद्य आहे ती लपवाछपवी. जोडलेले घड्याळ जोडलेले म्हणून विकावे. मूळचे म्हणून विकले तर ती फसवणूक होय. लिलाव पुकारणाऱ्या संस्थांनी काय बदलले आहे ते यादीत स्पष्ट छापलेच पाहिजे, आणि ग्राहकाने ते लेखी मागितलेच पाहिजे.

कायद्याचेही एक कलम ध्यानात ठेवावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. पणजोबांचे घड्याळ जिनिव्हाला धाडण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांनी आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी केलेली बरी.

परंतु बहुतेक घरांपुढचा प्रश्न जिनिव्हाचा नाहीच. १९०६ मध्ये हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने ३९ मिनिटे मागची आपली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. तुमच्या भिंतीवरचे घड्याळ कोणत्या वेळेस लावलेले असे? हे सांगू शकतील अशी ऐंशीच्या घरातली माणसे गिरगावात अजून आहेत. त्यांना कोणी विचारीत नाही. निवृत्तीच्या दिवशी हाती पडलेले, पाठीवर नाव कोरलेले एचएमटी असेच ड्रॉवरमध्ये पडून असते. त्या घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, आणि तेव्हापासून त्यांच्यामागे संग्राहक लागले आहेत.

तेव्हा चाळ सोडण्यापूर्वी घरातल्या वडील माणसाजवळ बसावे. घड्याळ केव्हा आले, कोणी आणले, कोणत्या प्रसंगी मिळाले, कोणता भाग बदलला, हे एका कागदावर लिहून त्यावर तारीख घालावी. पॉलिश करू नये, रंग देऊ नये. तो कागद लंबकाच्या पेटीत ठेवावा, आणि घड्याळ विकण्याची वेळ आलीच, तर तोही त्याच्याबरोबर जाऊ द्यावा.