इच्छाधारी नाग आणि बापाचा जीव

नागपंचमीला पुण्याहून भाचा आला होता. आमच्या गंगाखेडच्या चहात साखर किती असते यावर त्यानं एकदा व्याख्यान झोडलं होतं. त्याच्या लॅपटॉपात इराणी, कोरियन सिनेमे भरलेले असतात आणि ते लागले की घरात कुणाला खोकायचीही सोय राहत नाही. दुपारी पुरणाची दिंडं हाणून आम्ही सगळे टीव्हीपुढं पसरलो, ‘जानी दुश्मन : एक अनोखी कहानी’ लागला आणि साहेब म्हणाले, "मामा, तुम्ही एवढं वाचता, पेपरात लिहिता. आणि बघता हे?" ‘हे’ म्हणताना त्यानं नाक असं मुरडलं की माझी दिंडं पोटातच अडली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा २००२ चा, दिग्दर्शक राजकुमार कोहली. मागच्या जन्मीची प्रेयसी या जन्मी कॉलेजात शिकते, तिचा जीव जातो, आणि इच्छाधारी नाग तिच्या मित्रांमागं सूड घेत फिरतो. नाग अरमान कोहली, प्रेयसी मनीषा कोईराला. बाकी सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, अर्शद वारसी, आफताब शिवदासानी, आदित्य पांचोली, रजत बेदी आणि चक्क गायक सोनू निगम. याच कोहलींनी १९७६ मध्ये ‘नागिन’ काढला होता. त्यात जितेंद्र नाग आणि रीना रॉय नागीण. नाग मारला जातो आणि नागीण एकेकाला गाठते. तो धो धो चालला. सव्वीस वर्षांनी नागिणीच्या जागी नाग घातला, वर हॉलिवूडच्या ‘टर्मिनेटर’छाप करामती टाकल्या. वाईट सिनेमांची यादी कुणीही करो, याचं नाव त्यात असतंच.

आता माझं म्हणणं. चांगला सिनेमा माणसाला गप्प बसवतो. आमच्या घरात गप्प बसायची सवय कुणालाच नाही. ‘जानी दुश्मन’ लागला की कसं, प्रत्येकाला बोलायचा हक्क मिळतो. पहिल्या दहा मिनिटांत आमच्या धाकट्यानं विचारलं, "बाबा, हे कॉलेजात कोण आहे?" मी म्हटलं, सगळेच. सुनील शेट्टी तेव्हा एक्केचाळिशीचा होता. आमच्याकडं त्या वयात माणूस सोसायटीचा चेअरमन होऊन पडलेलाही असतो. "मग एवढी वर्षं नापास झाले का काय?" यावर घरात जी चर्चा पेटली, ती नागाचा पहिला बळी जाईपर्यंत चालली.

शेजारच्या काकू पंचमीला आमच्याकडंच असतात. पडद्यावर नाग आला की त्या हात जोडतात. त्या दिवशी घरात विळीला हात लावू दिला नव्हता, तवा चुलीवर चढू दिला नव्हता. मी आपलं शहाणपण पाजळलं की काकू, साप दूध पीत नसतो, पुंगीवर डोलतो तो पुंगी हलते म्हणून डोलतो, आणि डूख वगैरे धरणं त्याच्या मेंदूला झेपत नाही. काकूंनी टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "ते साध्या नागाचं. ह्यो इच्छाधारी हाय." या युक्तिवादाला उत्तर असेल तर वाचकांनी कळवावं.

त्याच काकूंनी गर्दीत एक चेहरा ओळखला. "अगं बाई, हा बनवाबनवीतला शंतनू न्हवं का?" खरंच तो. सिद्धार्थ रे, व्ही. शांतारामांचा नातू. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, म्हणजे मधे चौदा वर्षं गेली होती. ‘जानी दुश्मन’ आला आणि दोनेक वर्षांत, २००४ मध्ये, तो गेलाच. काकूंनी लगेच नागाला सांगून टाकलं, "बाकीच्यांचं काय करायचं ते कर बाबा, ह्याला सोड."

भाचा तोवर माडीवर जाऊन इराणी सिनेमा लावून झोपला होता.

मुद्दाम वाईट काढलेले सिनेमे मला बघवत नाहीत. हल्ली तसेही निघतात. ‘आम्हाला ठाऊक आहे हे भिकार आहे, तुम्ही हसा’ असा डोळा मारत. ‘जानी दुश्मन’मध्ये कुणी डोळा मारत नाही. अमरीश पुरी ऋषी होऊन शाप देतात ते पोटतिडकीनं देतात. अरमान तर प्रत्येक शब्द दात चावून बोलतो. सगळ्यांनी जीव ओतलाय आणि सगळं फसलंय, हे बघण्यात मजा आहे.

आणि त्यातही जास्त जीव बापानं ओतलाय. अरमान हा राजकुमार कोहलींचा मुलगा. १९९२ मध्ये बापानं त्याच्यासाठी ‘विरोधी’ काढला. पुढच्याच वर्षी ‘औलाद के दुश्मन’. मग १९९७ ला ‘कहर’, त्यातही सनी देओल आणि सुनील शेट्टी दिमतीला. आणि मग हा. दहा वर्षं हा माणूस पोराला हिरो करत होता आणि पब्लिक नाही म्हणत होतं.

असा बाप आमच्या मोंढ्यातही आहे. नाव सांगत नाही, गंगाखेडात सांगायची गरजही नाही. स्वतःची आडत चोख चाललेली. थोरल्यासाठी आधी मोबाईल शॉपी काढली. पोरगं दुकानात बसायचं, पण गिऱ्हाईक आलं की त्याचा स्वतःचाच फोन वाजायचा. ती बसल्यावर परळी रोडला ढाबा टाकला. बोर्ड नवा कशाला म्हणून जुन्यावरच रंग मारून ‘फॅमिली ढाबा’ लिहिलं. दुपारचं ऊन पडलं की ‘फॅमिली’च्या खालून ‘रिचार्ज’ वर यायचं. ढाब्यानंतर जेसीबी. जेसीबीचे हप्ते थकल्यावर आता रसवंती.

प्रत्येक वेळी पत्रिका छापतात. प्रत्येक वेळी मांडव, भोंगा, सत्यनारायण. तालुक्यातला असेल तो पुढारी फीत कापायला आणतात, व्याही-विहिणी, झाडून सगळे पाहुणे बोलावतात. आम्ही पेढा तोंडात टाकतो आणि एकमेकांकडं बघतो. मागच्या वेळी मी न राहवून विचारलं, "शेठ, किती दिवस असं?" तर म्हणाले, "सर, पोरगं वाईट न्हाई हो. त्याचं नीट जमंना झालंय एवढंच. ह्या बारीला जमतंय बघा." आणि पेढ्याचा दुसरा बॉक्स माझ्या हातात कोंबला.

तेव्हापासून मला ‘जानी दुश्मन’ची ती लांबलचक श्रेयनामावली वेगळी दिसते. एवढे सगळे हिरो एका सिनेमात कशाला, असा प्रश्न समीक्षकांना पडतो. अहो, फीत कापायला बोलावलेले पाहुणे आहेत ते. सनी आला, अक्षय आला, सुनील आला, सोनू निगमलाही आवतण गेलं. बापाला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसांत उभं केलं म्हणजे या बारीला जमेल. राजकुमार कोहली २०२३ च्या नोव्हेंबरात गेले. दुकान काही चाललं नाही, पण पेढे आम्ही अजून खातोय.

त्या दिवशी शेवटाला दहा मिनिटं असताना लाईट गेली. कुणी हळहळलं नाही. शेवट सगळ्यांना पाठ होता, ज्यानं त्यानं आपापल्या परीनं तो करून दाखवला. काकूंच्या आवृत्तीत शंतनू शेवटपर्यंत जिवंत होता.

सबब, हा सिनेमा अवश्य बघावा, पण एकट्यानं बघू नये. चार माणसं जमवावीत, आवाज थोडा कमी ठेवावा म्हणजे आपल्याला बोलता येतं. आणि श्रावणात घरात खरा नाग निघालाच तर त्याच्या डुखाची काळजी न करता सर्पमित्राला फोन करावा. चावला तर मांत्रिकाकडं न नेता माणसाला तडक सरकारी दवाखान्यात न्यावं. तिथं प्रतिविष असतं.