चार हातांचा निरोप

वडशाच्या तांदूळबाजारांत गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देतें, आणि दुकानदार पोत्यावर हात ठेवून होकाराची वाट पाहतो. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआयमध्यें हा निरोप ॲप, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन व दोन्ही बँका अशा चार ठिकाणीं फिरतो.

समजा, प्रत्येक यंत्र शंभरांत ९९ वेळां वेळेवर उत्तर देतें, व एकाच्या चुकीचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं. चौघेंही उत्तीर्ण! पण निरोप वेळेवर पुरा होण्याचे प्रसंग सुमारें ९६ च. स्वयंपाकघरांत वरण, भात, भाजी प्रत्येक करणारीच्या मतें वेळेवरच असते. पंगत मात्र खोळंबते.

म्हणून आम्हांस वाटतें, अशा सेवेची परीक्षा गल्ल्यापाशीं, गिऱ्हाइकाच्या घड्याळावर व्हावी. आणि तीही पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं. दुपारच्या शुकशुकाटांत कोणतेंही यंत्र चपळच दिसतें.