कायद्यापुरती रजा

"आम्ही कायद्याप्रमाणे रजा देतो," हे वाक्य आपल्याकडील लहानमोठे मालक अशा थाटात उच्चारतात, की जणू त्यांनी दानधर्मच केला आहे. वस्तुतः या वाक्याचा अर्थ एवढाच, की याहून एक दिवस कमी दिला असता तर ते कायद्याच्या कचाट्यात सापडले असते. चोरी न करणाऱ्याने त्याबद्दल शालश्रीफळ मागावे, त्यातलाच हा प्रकार!

मुळात कायदा देतो तरी किती? १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस पगारी रजा ठरवून दिली. म्हणजे २४० दिवस भरणाऱ्याला १२ दिवस आणि ३०० दिवस राबणाऱ्याला १५. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेने २४० दिवसांची अट १८० वर आणली, हे चांगलेच झाले. परंतु विसाला एक हे प्रमाण सत्त्याहत्तर वर्षांनंतरही जागचे हललेले नाही.

दुकाने व आस्थापनांची कथा अधिक मासलेवाईक आहे. मुंबईच्या १९४८ च्या कायद्यात २४० दिवस भरलेल्या नोकराला २१ दिवसांची रजा होती. २०१७ च्या कायद्याने तेथेही विसाला एक हाच हिशेब आणला आणि ८ दिवसांची नैमित्तिक रजा वेगळी दिली. बेरीज केली तर आकडा घटलेला दिसत नाही, हे मान्य करावे लागेल. पण नैमित्तिक रजा जाते ती तापाला, मयताला, मुलाच्या शाळेच्या दाखल्याला. आणि वर्षाअखेर उरली तर बुडते. गावी जाऊन चार दिवस निवांत बसण्याची जी रजा, ती मात्र आखडली. शिवाय हा कायदा झाला तो १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या २० वर नेण्यास मान्यता दिली. ज्या बेकरीत वा शिवणकामाच्या दुकानात सातआठ माणसे राबतात, तेथे रजेचे हे कलम पूर्वीही पोहोचत नव्हते. तेथे चालते ती मालकाची मर्जी.

या मर्जीविषयीच मला बोलायचे आहे. कारण आपल्यापैकी पुष्कळजण हे मालक आहेत, आणि तरीही स्वतःला केवळ नोकरदार समजतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा आणि ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते. दुबई-अबुधाबीला गेलेल्या आपल्या मुलांना तेथील कायद्याने वर्षाच्या नोकरीनंतर ३० दिवसांची पगारी रजा आहे. त्या रजेत ती नाताळला घरी येतात. घर पाहुण्यांनी भरते. आणि त्या भरल्या घराची भांडी घासणाऱ्या बाईला २५ डिसेंबरलाही यायला सांगितले जाते. नाही आली तर खाडा! इतरांच्या रजेला रजा म्हणायचे आणि तिच्या रजेला खाडा, हा शब्दांतला फरक पगाराच्या दिवशी पैशांत मोजून दाखवला जातो.

घरकामगारांना रजेचा कायदेशीर हक्क जवळजवळ नाहीच. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. परंतु तो कल्याण योजनांचा आहे, रजेचे दिवस ठरवून देणारा नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी करार केला, त्यात आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती आहे. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. म्हणजे येथे किमान मर्यादा अशी नाहीच, आणि मालकाने जे दिले तेच कायद्यापेक्षा अधिक ठरते. आपण काय देतो?

धर्मसभेची शिकवण याबाबतीत संदिग्ध नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या विश्वपत्रात रविवारच्या विश्रांतीबरोबरच वर्षातून एकदा मिळणाऱ्या दीर्घ सुट्टीचाही श्रमिकाच्या हक्कांत स्पष्ट उल्लेख केला आहे. हक्कांत, मेहेरबानीत नव्हे.

"असे केले तर धंदा कसा चालायचा?" हा प्रश्न जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. गिरण्या त्यानंतरही दशकानुदशके धूर सोडत राहिल्या. फ्रान्सने १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि टप्प्याटप्प्याने १९८२ पर्यंत ती पाच आठवड्यांवर नेली. तो देश काही भिकेला लागला नाही.

दुसरा आक्षेप अधिक चतुर असतो: "त्यांनाच रजा नको असते, पैसे हवे असतात." खरे आहे. पण ज्याचा पगार महिनाअखेर पुरत नाही, तो रजाच काय, रक्तही विकेल. त्यावरून त्याला विश्रांती नको, असा निष्कर्ष काढणे हा शुद्ध कावेबाजपणा आहे. आधी पगार पुरेसा द्यावा आणि मग विचारावे.

राहिली आपली मंडळे आणि संस्था. आपल्या शाळांत, दवाखान्यांत ठेकेदारामार्फत येणारे पहारेकरी आणि सफाई कामगार यांना वर्षाला किती दिवस पगारी रजा मिळते, हे किती व्यवस्थापकांना कागद न पाहता सांगता येईल? ठेका नव्याने देताना विसाला एकऐवजी पंधराला एक अशी अट घालण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही. ३०० दिवसांच्या कामाला त्याने २० दिवस होतात, म्हणजे माणशी ५ दिवसांचा अधिक पगार. आणि घरच्या बाईंसाठी आठवड्याची एक सुट्टी, वर्षाला २१ दिवस, पगार न कापता, लेखी. त्यांतले निदान १० दिवस सलग, आणि तारखा त्यांनी सांगितलेल्या. येत्या वर्षाच्या दिनदर्शिका घराघरांत टांगल्या जातील, तेव्हा त्या तारखा त्यांना विचारून तिच्यावर लिहिता येतील.